तेवीस दाते : जुळ्या ट्रायम्फच्या प्रकल्प नोंदी

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा

इथे ओहायोतल्या ॲक्रनमध्ये आपट्याची पानं मिळत नाहीत. काल खंडेनवमीला हत्यारं पुजायची राहिली होती, म्हणून आज ऑफिसातून आल्यावर बाबांचे पाने काढले, पुसले, हळदकुंकू लावलं. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा संच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबा चाळीस वर्षं टर्नर होते आणि संध्याकाळी पडवीत लोकांच्या बुलेटी दुरुस्त करायचे. त्या कामाचे हे पाने. मी अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी ते बॅगेत कोंबले. "तिकडं कोण वापरतंय हे?" म्हटलं, तर म्हणाले, "असू दे. लोखंड खायाला मागत न्हाई." एकोणीस वर्षं ते तळघरात पडून होते. या शनिवारपासून त्यांना काम लागणार.

काम असं : आमच्या घरापासून दोन घरं सोडून ८३ वर्षांचे एक गृहस्थ राहतात. मी त्यांना 'मिस्त्री' म्हणतो. त्याचा अर्थ त्यांना सांगितलाय, आणि तो त्यांना आवडलाय. त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मोटरसायकल आहे. एकाच लांबुडक्या सांगाड्यात एकामागे एक अशी दोन ट्रायम्फ ६५० इंजिनं, दोन्ही एका साखळीने जोडलेली. १९६६ च्या हिवाळ्यात मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ यांनी ती याच शेडमध्ये बनवली, ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतरात कोण आधी पोचतं त्या शर्यतीसाठी. १९७१ नंतर ती चालू झालेली नाही. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. मिस्त्रींना शर्यत लावायची नाही. "एकदा आवाज ऐकायचाय," एवढंच ते म्हणाले.

मी तिला 'जुळी' म्हणतो.

२८ ऑक्टोबर

पहिला दिवस. आधी फोटो, मग पाने.

इंजिनं १९६३ च्या आधीची, म्हणजे ज्यात गिअरबॉक्स वेगळा असतो ती. जुळी करायला हीच सोयीची. नंतरच्या ट्रायम्फमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पोटात आले, त्यामुळे पुढच्या इंजिनाला एक निरुपयोगी गिअरबॉक्स लोंबकळत ठेवावा लागतो किंवा केसिंग कापावं लागतं. इथे दोन मोकळी इंजिनं आणि मागे एकच गिअरबॉक्स, असा सरळ कारभार आहे.

अमेरिकन पान्यावर बोल्टच्या डोक्याची रुंदी लिहिलेली असते, व्हिटवर्थवर बोल्टच्या दांड्याचा व्यास. त्यामुळे आकडा एकच असला तरी पाना भलताच निघतो. मिस्त्रींकडचा ब्रिटिश संच भावाच्या मुलाने कधीतरी विकून टाकला होता. बाबांचा पाना पहिल्याच बोल्टवर खटकन बसला, तेव्हा मिस्त्रींनी तो माझ्या हातातून घेतला आणि उजेडात धरून बराच वेळ बघितला.

पिस्टन चारही अडकलेले. गंज थोडाच आहे. चिकटलंय ते तेल. मेथॅनॉलवर पळणाऱ्या इंजिनात एरंडेलापासून केलेलं तेल घालायची तेव्हा रीत होती. खनिज तेल मेथॅनॉलमध्ये मिसळत नाही, एरंडेल मिसळतं, आणि धातूवर त्याचा थर चिवट बसतो. पण ते आत तसंच ठेवलं की त्याची लाख होते. पन्नास वर्षांची लाख म्हणजे काय ते आज कळलं. प्लग काढले तेव्हा आलेला वास लहानपणी सुट्टीत आजी नाक दाबून पाजायची त्याच वाटीचा होता. पोटात ढवळलं.

चारही सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि गिअर तेल यांचं मिश्रण ओतून ठेवलंय.

५ नोव्हेंबर

मागचं इंजिन सुटलं. पुढचं नाही.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फराळाचं ताट घेऊन गेलो. काम काही केलं नाही. चकल्या खात मिस्त्री बोलत सुटले, म्हणून आजची नोंद लांबणार आहे.

मी विचारलं ते साधंच होतं : दोन इंजिनं कशाला? एकच मोठं का नाही घेतलं?

त्यांचं म्हणणं, मोठं इंजिन विकत घ्यावं लागतं, आणि दोन लहान भंगारात मिळतात. हार्लीवाल्यांकडे १२०० सीसी होते. ट्रायम्फ साडेसहाशेची. दोन जोडल्या की तेराशे. "बेरीज येत होती तेवढी पुरली," म्हणाले. "पुढचं गणित नंतर कळलं."

मोटारींच्या बाजूला मात्र कारण वेगळं होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. १९५७ मध्ये एनएचआरए या ड्रॅग शर्यती भरवणाऱ्या संस्थेने आपल्या शर्यतींतून नायट्रोमिथेनसारखी इंधनं काढून टाकली आणि साधं पेट्रोल सक्तीचं केलं. १९६३ मध्ये दार परत उघडलं. नायट्रोच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, नायट्रोला १.७ पुरते. म्हणजे त्याच सिलिंडरात कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं. ते दार बंद झाल्यावर ताकद आणायची कुठून? सिलिंडर वाढवून. मधल्या त्या वर्षांत लोकांनी जे काय केलं ते ऐकून हसू येतं, आणि मग हसू थांबतं, कारण ते चालत होतं.

टॉमी आयव्होने आधी दोन ब्यूक व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिनं शेजारीशेजारी बसवली. नंतर १९६१ मध्ये चार बसवली, आणि ताकद चारही चाकांना दिली. त्या गाडीचं नाव 'शोबोट'. हा आयव्हो बालपणापासून सिनेमा-टीव्हीत काम करणारा नट होता. स्टुडिओने त्याला ती गाडी पळवायची मनाई केली, त्यामुळे गाडी याची आणि बसणारे दुसरे. मिस्त्रींना हे फार मजेशीर वाटतं. बॉब मुराव्हेझ नावाचा पोरगा तर घरच्यांना कळू नये म्हणून 'फ्लॉइड लिपिनकॉट ज्युनियर' या खोट्या नावाने 'फ्रेट ट्रेन' पळवायचा. ती जॉन पीटर्सची, दोन शेव्हरोले एकामागे एक असलेली. (आमच्याकडे कुस्तीच्या फडात खोटं नाव सांगून उतरणारे होते, तसंच हे.)

एकामागे एक आणि शेजारीशेजारी, या दोन घराण्यांतला फरक मिस्त्रींनी चकलीचे तुकडे मांडून दाखवला. शेजारीशेजारी ठेवून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेचे दाते एकमेकांत अडकवले, की एक इंजिन उजवीकडे फिरतं आणि दुसऱ्याला डावीकडे फिरावं लागतं. म्हणजे त्याचा कॅम (झडपा उघडणारा दांडा) वेगळा, तेलपंप वेगळा, ठिणगीचा क्रम उलटा. एकामागे एक ठेवलं तर दिशा एकच राहते, पण पुढच्याची सगळी ताकद मागच्याच्या क्रँकमधून (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यातून) जाते. मागचा क्रँक बिचारा दोघांचं ओझं वाहतो.

आणि लॉइड स्कॉटचा 'बसल बॉम्ब'. १९५५, कॅन्सासमधलं ग्रेट बेंड, एनएचआरएची पहिली राष्ट्रीय शर्यत. एक इंजिन चालकाच्या पुढे, एक मागे. तो ताशी १५० मैलांच्या पुढे गेला. मिस्त्री तेव्हा पंधरा वर्षांचे होते. मासिकातलं त्याचं चित्र कापून त्यांनी पलंगाच्या आतल्या बाजूला डकवलं होतं, कारण भिंतीवर लावलं असतं तर आईने काढलं असतं.

निघताना म्हणाले, "शंकरपाळे ठेवून जा."

२६ नोव्हेंबर

पुढचं इंजिन सुटलं. लाकडी ठोकळा, हातोडी आणि पंधरा दिवस धीर. एक पिस्टन फुटलाय, पण तो आधीचाच असणार. तडा काळा पडलाय.

दोन इंजिनांच्या मधली जागा बघण्यासारखी आहे. ट्रायम्फमध्ये एक्झॉस्ट पुढे निघतो आणि कार्ब्युरेटर मागे. त्यामुळे पुढच्याचे कार्ब्युरेटर आणि मागच्याच्या तापलेल्या नळ्या समोरासमोर येतात, मधे वीतभर जागा. तिथे करड्या रंगाचा एक जाड पुठ्ठा तारेने बांधलेला होता. ॲस्बेस्टॉस. मास्क, ओलं फडकं, दोन पिशव्या, आणि काउंटीच्या कचरा केंद्रात जमा. मिस्त्री म्हणाले, आम्ही तो करवतीने कापला होता, स्वयंपाकघरात.

१६ डिसेंबर

थंडी. शेडमध्ये रॉकेलचा हीटर लावूनही बोटं वळत नाहीत.

मागच्या इंजिनाचा क्रँक बाहेर काढला. डाव्या टोकाला, साखळीच्या बाजूला, दांडा नेहमीपेक्षा लांब आहे. टोकावर दोन दातेरी चाकं : आतलं पुढच्या इंजिनाकडून येणाऱ्या साखळीचं, बाहेरचं क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं. एवढा दांडा मोकळा सोडला तर दोन्ही साखळ्यांच्या ओढीने वाकणार, म्हणून टोकाला बाहेरून एक पत्रा आणि त्यात बेअरिंग, असा आधार दिलाय. हा आधार मूळ रचनेत नव्हता. १९६८ मध्ये क्रँक तुटला, त्यानंतर आला. तुटलेला तुकडा मिस्त्रींनी खिडकीत कागद दाबायला ठेवलाय. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा आहेत : थकून, रोज थोडा थोडा तुटत गेलेला धातू.

आधाराचं बेअरिंग गेलंय. ते बसतं ते भोकही घासलंय. इथल्या एका वर्कशॉपला बोअर करायला दिलं.

६ जानेवारी २०२४

वर्कशॉपने बोअर चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, मोठा केला. ड्रॉइंगवर माप स्पष्ट होतं. "बेअरिंगला गोंद लावून बसवा," असा सल्लाही दिला, फुकट. बाबांना फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं नुसते हसत होते. मग म्हणाले, अजून मोठा करून घे आणि बुश मारून परत मापात आण. तेच केलं. दुसरीकडे. दोन आठवडे गेले.

१४ जानेवारी

मिस्त्रींच्या खुर्चीत बसून त्यांच्या गोष्टी ऐकायचा दिवस. बाहेर बर्फ.

विचित्र इंजिनांच्या बाबतीत आमच्या ॲक्रनचं नाव मोठं आहे, हे मला इथे एकोणीस वर्षं राहून माहीत नव्हतं. पिकल रोडवर आर्फन्स कुटुंबाची धान्य दळायची गिरणी होती. तिथला आर्ट आर्फन्स. युद्धानंतर विमानांची इंजिनं भंगाराच्या भावात निघाली, त्यातली ॲलिसन व्ही-१२ त्याने ड्रॅग गाडीला लावली. ॲलिसन म्हणजे १७१० घनइंच, २८ लिटर. पी-३८ आणि पी-४० लढाऊ विमानांत हीच असायची. आमची जुळी दोन्ही इंजिनं धरून एक पूर्णांक तीन दशांश लिटर. त्याच्या गाड्यांचं नाव 'ग्रीन मॉन्स्टर', कारण पहिलीला ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग फासला होता. पुढे तो जेट इंजिनाकडे गेला आणि १९६५ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ५७६ मैलांचा विक्रम केला. २००७ मध्ये वारला तेव्हा त्याच्यासोबत पाने पुरले.

हे ऐकल्यावर मी उगाच बाबांच्या संचाकडे बघितलं. नाही, तो परत न्यायचाय.

जिम लिटलने एक ॲलिसन फोर्डच्या डब्यात कोंबून समाधान झालं नाही म्हणून चार ॲलिसन एका सांगाड्यात बसवली. एकूण ६८४० घनइंच. ती यंत्रं शर्यतीत किती पळाली हा प्रश्न मिस्त्रींना गैरलागू वाटतो. "बसवली ना?" म्हणतात.

२७ जानेवारी

आज खरा पेच आला.

ट्रायम्फच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात, एकदमच खाली जातात. ठिणगी मात्र आळीपाळीने : एका फेऱ्यात डावा, पुढच्या फेऱ्यात उजवा. आता अशी दोन इंजिनं साखळीने जोडायची तर पुढच्याचा मागच्याशी संबंध काय ठेवायचा? दोनच शहाणे पर्याय आहेत. एक, चारही पिस्टन एकदम वर. म्हणजे दर फेऱ्याला दोन ठिणग्या एकाच क्षणी, धाडकन. दोन, पुढच्याचे वर तेव्हा मागच्याचे खाली, म्हणजे १८० अंशांचा फरक, आणि दर अर्ध्या फेऱ्याला एक ठिणगी.

पहिल्यात सांगाडा मरतो. चार पिस्टनचं वजन एकाच दिशेला हादरतं. दुसऱ्यात सांगाडा सुखी, पण जोडणारी साखळी मरते : पुढचं इंजिन ढकलतंय तेव्हा मागचं हवा दाबतंय, अर्ध्या फेऱ्याने उलट, त्यामुळे साखळीची ताणलेली बाजू सारखी बदलत राहते. सासू-सुनेच्या भांडणातल्या नवऱ्यासारखी.

मिस्त्री ठाम : "दोन्ही एकदम. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. भाऊ १८० म्हणायचा. मी ऐकलं नाही."

जोडणारी चाकं मोजली. दोन्ही २३ दात्यांची, घरी बनवलेली, अर्धा इंच पिचची (पिच म्हणजे दोन दात्यांमधलं अंतर). विषम संख्या! म्हणजे साखळी दाते चुकवून बसवली तरी नेमके १८० अंश मिळणारच नाहीत. अकरा दात्यांनी सरकवलं तर १७२, बाराने १८८. अर्धा दाता कुठून आणणार? मिस्त्रींचं म्हणणं पुराव्यानिशी सिद्ध झालं, असं मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

३ फेब्रुवारी

साखळी ताणायला मधे वेगळं चाक नाही. पुढचं इंजिनच लांबट भोकांत पुढेमागे सरकतं. आज हिशेब केला : चाकाची त्रिज्या सुमारे ४६.६ मिलिमीटर, म्हणजे इंजिन एक मिलिमीटर सरकवलं की दोन क्रँकमधला कोन सव्वा अंशाने बदलतो. साखळी शर्यतीत ताणली गेली की कोनही हलतो. ठिणगी बिघडत नाही, कारण प्रत्येक इंजिनाला आपला मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, आहे. पण मला हे फार आवडलं. साखळी नुसती ताकद नेत नाही, वेळही नेते.

मिस्त्रींना सांगितलं. "हे आम्हाला माहीत नव्हतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याला असेल."

१० फेब्रुवारी

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात रात्र होती. बाबा आता ८१ चे. दोन मिस्त्री समोरासमोर, मी मधे दुभाषी. पहिली दहा मिनिटं दोघांनी एकमेकांना आपापल्या हातांवरचे व्रण दाखवले. मला बोलायची गरज पडली नाही.

मग मी चाक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि २३ दात्यांचा माझा शोध सांगितला.

बाबा म्हणाले, "आरं, पर चावी कुठं बसती?" (चावी म्हणजे चाक दांड्यावर पक्कं अडकवणारा लोखंडी तुकडा.)

म्हटलं, इथं, आतल्या भोकात. एक खाच आहे.

"एकच हाय?"

"एकच."

"ग्रीस पुसलंस का?"

पुसलं नव्हतं. वरवर पुसलं होतं. भोकात पन्नास वर्षांचं काळं मेण होतं.

"मग पुसल्याबिगर काय दिसणार हाय तुला? रॉकेलात बुडव की, शिकल्याला मानूस तू."

बुडवलं. अर्ध्या तासाने दाढीच्या ब्रशने घासलं. उघड्या खाचेच्या बरोबर समोर, भोकाच्या दुसऱ्या बाजूला, पिवळी रेघ. पितळ. दुसरी एक खाच होती. ती कोणीतरी पितळाने भरून, कानस मारून सपाट केलेली. काम इतकं सफाईदार की बोटाला लागत नाही, डोळ्यालाच दिसतं.

म्हणजे चाक क्रँकवर अर्धा फेरा फिरवून बसवलं होतं. २३ दाते असले तरी नेमके १८०. दाते मोजून मी जे सिद्ध केलं होतं ते सगळं गेलं. भरलेली खाच जुनी, उघडी नवी. जुळी शेवटची चालली ती १८० वर.

मी वर बघितलं. मिस्त्रींनी चष्मा काढला होता. स्क्रीनवर बाबा विचारत होते, "घावलं का?"

१७ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाले, आज काम नको.

२ मार्च

आज शेडमध्ये मिस्त्रीणबाई आल्या. एरवी येत नाहीत. वास सहन होत नाही. घडीची खुर्ची उघडून बसल्या आणि म्हणाल्या की खाचेचं कळलं मला.

त्या प्रत्येक शर्यतीला कुंपणाशी उभ्या असत. वेस्ट सेलमच्या ड्रॅगवे ४२ ला तर दर उन्हाळ्यात. त्यांना दाते, अंश काही माहीत नाही. पण आवाज माहीत आहे. पहिली वर्षं तो असा होता म्हणाल्या, आणि मांडीवर मूठ आपटून दाखवली : धड, धड, धड. शेवटच्या उन्हाळ्यात तो बदलला. आणि त्यांनी जीभ टाळूला लावून एक सलग, घट्ट गुरगुर काढली. ८० वर्षांच्या बाईच्या तोंडून तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"तुम्हाला कळलं नाही?" मी मिस्त्रींना विचारलं.

उत्तर मिस्त्रीणबाईंनीच दिलं. "हे कानात कापूस घालायचे. आणि हातापायांना मुंग्या कमी आल्या तर म्हणायचे, आज रस्ता चांगला होता."

त्यांच्या घरी आठ मिलिमीटर फिल्मच्या दोन रिळी आहेत. त्या मूक आहेत.

१६ मार्च

सांगाड्याला तडे शोधले. रंगद्रव्य मारून पुसलं की तड्यात लाल रेघ उरते. तीन सापडले, तिन्ही पुढच्या इंजिनाच्या पाटांजवळ, तिन्हींवर जुनं वेल्डिंग. शेवटच्या वेल्डिंगनंतर नवा तडा एकही नाही. भाऊ न बोलता बोलतोय.

८ एप्रिल

काम नाही. आज खग्रास ग्रहण, आणि ॲक्रन थेट पट्ट्यात. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला पावणेतीन-एक मिनिटं अंधार. मिस्त्री, मिस्त्रीणबाई आणि आम्ही चौघं त्यांच्या अंगणात. शेजारच्या कोंबड्या खुराड्यात गेल्या. आईचा फोन : खाल्लंस का काही? खाऊ नको.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी मागच्या डेकवर. दुपारी सुट्टी काढून शेडमध्ये. चाक उघड्या खाचेवर, म्हणजे १८० वर, बसवायचं हे मिस्त्रींनी स्वतःच सांगितलं. पुढच्या क्रँकला कोनाची चकती लावली, मागच्याला दुसरी. पिस्टन अडवून दोन्ही बाजूंनी वरचा बिंदू काढला. साखळी ताणून : १७९. इंजिन एक मिलिमीटराहून थोडं कमी मागे घेतलं : १८०.

बेअरिंगचा आधार दोन थाऊच्या आत. डायलचा काटा जवळजवळ हलत नाही. वर्कशॉपवाल्यांना फोटो पाठवावा असं वाटलं होतं. पाठवला नाही.

२७ एप्रिल

चालू कशी करायची यावर आज अर्धा दिवस गेला. किक नाही, दोन इंजिनं एका पायाने फिरणारही नाहीत. मिस्त्रींच्या डोक्यात मिशिगनचा ई. जे. पॉटर घोळत होता. त्याने मोटरसायकलीत आख्खं शेव्हरोले व्ही-८ आडवं बसवलं होतं, क्लचशिवाय. मागचं चाक घोडीवर उचलून इंजिन चालू करायचं, चाक हवेत गरगर फिरवायचं आणि मग गाडी घोडीवरून खाली टाकायची. चाक जमिनीला टेकलं की धुराचा लोट आणि माणूस गायब. मिस्त्रींनी हे डोळ्यांनी पाहिलंय. "करू या?" म्हणाले.

नाही. आमच्याकडे क्लच आहे आणि माझ्याकडे बायको आहे. रोलर वापरायचे : दोन रोलरांवर जुळीचं मागचं चाक, आणि रोलर फिरवायला पिकअपचं चाक.

टॉम क्रिस्टेन्सन, बोरिस मरे अशी नावं आज भराभर निघाली. मरे दोन ट्रायम्फवाला, आमच्याच जातीचा. क्रिस्टेन्सन विस्कॉन्सिनचा, त्याच्या यंत्रात दोन नॉर्टन. हार्लीला तिकडे लाडाने 'हॉग', म्हणजे डुक्कर म्हणतात, म्हणून याने आपल्या गाडीचं नाव ठेवलं 'हॉगस्लेअर'. आणि कॅलिफोर्नियाच्या रस कॉलिन्सने तीन होंडा ७५० एका रांगेत जोडल्या, बारा सिलिंडर. १९७६ मध्ये आमच्या ओहायोतच तो भीषण पडला. वाचला, आणि परत आला ते दोन इंजिनांची नवी गाडी घेऊन. तिनावरून दोनावर येणं ही शहाणपणाची गोष्ट, असं मिस्त्री गंभीरपणे म्हणाले.

११ मे

इंधन साधं पेट्रोल. नायट्रो नाही, मेथॅनॉलही नाही. मेथॅनॉलला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त इंधन सोडावं लागतं, म्हणून कार्ब्युरेटरचे जुने जेट (इंधन सोडणारी भोकं) भसाभस मोठे आहेत. सगळे बदलले. तेलही साधं. मिस्त्रींनी तेवढ्यात खिशातून छोटी बाटली काढली आणि पेट्रोलच्या टाकीत चमचाभर एरंडेल टाकलं. वासासाठी.

पहिला प्रयत्न : पुढचं पेटलं, मागचं नाही. मागच्या मॅग्नेटोत ठिणगी अशक्त. थांबवलं.

१८ मे

मॅग्नेटोचं कंडेन्सर बदललं. सकाळी अकरा. पिकअपमध्ये मी, जुळीवर मिस्त्री, कुंपणाशी मिस्त्रीणबाई. फोनवर बाबा-आई, तिकडे रात्रीचे साडेआठ.

रोलर फिरले, क्लच सुटला, मागचं पेटलं, मग पुढचं, आणि एक क्षण दोन्ही वेगवेगळी ऐकू आली. मग नाही. सलग, घट्ट गुरगुर. मांडीवर मूठ आपटण्याजोगं त्यात काही नव्हतं. चाळीस सेकंद. मिस्त्रींच्या कानात कापूस नव्हता.

बंद केल्यावर मिस्त्रीणबाई एवढंच म्हणाल्या, "हो. हाच."

बाबा ओरडत होते, आवाज फाटतोय, काय ऐकू येईना, परत लावा. परत लावली. पंचवीस सेकंद. मागच्या रॉकर बॉक्समधून तेल आलं म्हणून थांबवली.

१९ मे

रॉकर बॉक्सचं गॅस्केट : मागवलं. साखळी मोजली : अर्धा मिलिमीटर ढिली. पुढच्या कार्ब्युरेटरला आडोसा : ॲल्युमिनियमचा पत्रा दुहेरी वाकवून, उद्या.

मिस्त्री संध्याकाळी स्वतः चालत आमच्या दारात आले. पितळाने भरलेली खाच त्यांना उघडायची नाही. भावाचं काम आहे, तसंच राहू दे. पण तसलंच दुसरं चाक बनवून मिळेल का? एकाच खाचेचं, जुन्या जागी. त्यांना आपलाही आवाज एकदा ऐकायचाय.

बाबांना विचारलं. उद्यमनगरात दाते पाडून देणारा माणूस आहे म्हणाले. "माप इंचात पाठीव, आणि भोकाचं माप तू घेऊ नको. त्या मिस्त्रीला घ्यायला सांग."